बोरखडीहून गंगम्मा

आमच्या गावाचं नाव रेडिओवर पहिल्यांदा आलं ते बहात्तर साली, आणि तेही 'बोरखेडी' असं आलं. त्यात निवेदिकाबाईंचा काही दोष नव्हता. पत्र भुजंग शिंप्यानं लिहिलं होतं आणि भुजंगचं अक्षर त्याच्या शिलाईसारखंच आहे, कुठं उसवेल ते सांगता येत नाही. पुढं मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालो. गुरुजी म्हणाले, "उत्तरं चूक आहेत पण अक्षर सुंदर आहे." त्या एका वाक्यावर मला नवजीवन रेडिओ श्रोता संघ, बोरखडी, तालुका औसा, या संस्थेचा सेक्रेटरी करण्यात आलं.

अध्यक्ष ईश्वरप्पा. त्यांचं किराणा दुकान आणि दुकानात व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ, त्यामुळं निवडणूक घ्यायची गरज पडली नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. आधी गाण्याचं नाव, मग ते मागवणाऱ्यांची नावं, गावं, तालुके, जिल्हे, मग गाणं. आम्ही गाण्यासाठी ऐकत नव्हतो. गाणं सुरू झालं की आमची माणसं उठून जायची.

तरी गाण्यांवरून आमचा काळ ओळखू येतो. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही फक्त ढगांची गाणी मागवली. ईश्वरप्पांचं म्हणणं, एवढ्या आभाळातून गाणं येतंय तर येताना चार थेंब आणायला त्याचं काय जातं? सव्वीस पत्रं टाकली. पाऊस मुदखेडला पडला. तिथले हणमंतराव दर आठवड्याला रेडिओवर असायचे, कारण मुदखेड जंक्शन आहे आणि त्यांचं पत्र सकाळी टाकलं की दुपारच्या गाडीत बसायचं. आमचं पत्र लातूरहून छोट्या गाडीनं जायचं आणि ती गाडी वाटेत शेळी आडवी आली तरी विचारपूस करायची. बरं, त्या आठवड्यात हणमंतरावांनी मागवलेलं गाणं ढगाचं नव्हतंच, प्रेमाचं होतं. ईश्वरप्पांनी ते मनाला लावून घेतलं.

शहात्तरला, आणीबाणीत, गावात एकदम सात ट्रान्झिस्टर आले. ते कशाच्या बदल्यात मिळाले हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. त्या सात घरांतून पाळण्याचं गाणं कधी मागवलं गेलं नाही. सत्त्याहत्तरनंतर गाण्यातला माणूस रुसायचा सोडून चिडायला लागला. आमची पोरंही विनाकारण चिडून पारावर उभी राहू लागली, आणि भुजंगकडं कॉलरी मोठ्या करून घ्यायला रांग लागली. पँटची मोहरी एवढी रुंद झाली की एका पायाच्या कापडात पूर्वी अख्खी पँट व्हायची. आणि ऐंशीच्या पुढं ते ढिच्चिक ढिच्चिक आलं.

"ह्ये गाणं हाय का पिठाची गिरणी?" ईश्वरप्पा म्हणाले.

"गिरणीतनं निदान पीठ तरी येतंय, अध्यक्ष," भुजंग म्हणाला.

दहा वर्षांत गाणी अशी बदलली, पण आमच्या पत्राची शेवटची ओळ बदलली नाही. 'ईश्वरप्पा, भुजंग, लिंबाजी, शिवप्पा आणि परिवार.' यातला परिवार म्हणजे ईश्वरप्पांच्या पत्नी महानंदाकाकू. त्या दुकानामागच्या खोलीत बसून सगळा कार्यक्रम ऐकायच्या, आणि गाणं कोणतं मागवायचं ते खरं तर आतून ठरायचं. बाहेर फक्त खोकला यायचा. ईश्वरप्पांनी चुकीचं गाणं सुचवलं की आत खोकला. बरोबर गाणं येईपर्यंत खोकला. संघाची घटना म्हणावी तर एवढीच होती.

ब्याऐंशीच्या जुलैत बातमी पक्की झाली की सोळा ऑगस्टपासून लातूर वेगळा जिल्हा होणार. ईश्वरप्पांनी तातडीची बैठक बोलावली.

"आजवर आपून जिल्हा उस्मानाबाद म्हणून रेडिओवर आलो," ते म्हणाले. "आता जिल्हा लातूर म्हणून पयलं नाव आपल्या गावाचं आलं पायजे. हणमंत्याच्या आधी."

"तो कसा येईल? तो नांदेड जिल्ह्यात हाय," मी म्हणालो.

"त्याचा काय भरवसा न्हाई."

तेवढ्यात महानंदाकाकू चहा घेऊन बाहेर आल्या. चहा ठेवला आणि आत गेल्या नाहीत. हे पहिल्यांदाच होत होतं, म्हणून सगळे चहाकडं बघू लागले.

"औंदा पत्रात माझं नाव लिवा," त्या म्हणाल्या.

"तुझं नाव हाय की दरवेळी," ईश्वरप्पा म्हणाले. "परिवार."

"परिवारात म्हैस पण आली."

"म्हशीचं वेगळं लिहू का?" भुजंगनं विचारलं. त्यानं ते खरंच मदत म्हणून विचारलं होतं.

"माझ्या बायकोचं नाव रेडिओवर येणार न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले. "उद्या औशाच्या बाजारात लोक काय म्हणतील?"

"दुष्काळात खडी फोडायला गेलो तवा मुकादम रोज सकाळी चारशे मान्सात माझं नाव घेऊन वरडायचा. तवा बाजार न्हाई आडवा आला."

"ते दुष्काळाचं झालं."

"मग दुष्काळ गेला आन् माझं नाव बी गेलं म्हणायचं." त्यांनी रिकामे कप उचलले. दोन कप रिकामे झाले नव्हते, तेही उचलले.

एवढं होऊनही आम्ही त्यांचं नाव लिहिलं नाही. कारण आमच्यापुढं मोठे प्रश्न होते. कोणाचं नाव आधी, यावर एक आठवडा गेला. अकरा जणांनी नावं दिली होती. वयानं लावावीत तर लिंबाजीला स्वतःचं वय माहीत नव्हतं आणि तो दुसऱ्या कोणाचंही मान्य करत नव्हता. शेवटी उंचीप्रमाणं लावायचं ठरलं आणि दुकानाच्या चौकटीला उभं करून सगळ्यांना मापलं. मग कोणीतरी म्हणालं की नव्या जिल्ह्याला गावाचा इतिहास कळायला हवा. तो मी बारीक अक्षरात बसवला. मग गाणं कोणतं यावर जे भांडण लागलं ते पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन सुरू झाल्यावरच थांबलं, कारण राष्ट्रगीताला उभं राहावं लागतं.

मधे एकदा आम्ही नुसतं पत्र आधी पोचवून ठेवावं म्हणून टपालात टाकायला गेलो होतो. आमचं टपाल कार्यालय म्हणजे ग्यानोबा गुरुजींची ओसरी. गुरुजी शाळेचे मास्तर, पोस्टमास्तर आणि दुपारच्या प्रौढ शिक्षण वर्गाचेही मास्तर. त्यांनी कार्ड चष्म्याजवळ नेलं.

"हे घेता येत नाही."

"कामून?"

"खाली जिल्हा लातूर लिहिलंय. असा जिल्हा अजून नाही. जो जिल्हा नाही त्यातून पत्र कसं टाकता येईल?"

"गुरुजी, लई बारीक लिवलंय."

"बारीक लिहिलं म्हणून खोट्याचं खरं होत नाही, ईश्वरप्पा. सोळा तारखेला या."

सोळा तारखेला आम्ही हलगी लावून गेलो. भुजंगनं कार्ड ताटात धरलं होतं. गुरुजींनी शिक्का मारला, तसा लिंबाजीनं गुलाल उधळला आणि तो बऱ्यापैकी गुरुजींच्या नाकात गेला.

त्याच दिवशी गावातल्या बाया एसटी भरून लातूरला नवा जिल्हा बघायला गेल्या. माझी माय साखराबाई त्यांत होती, महानंदाकाकू होत्या. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, "कसा हाय जिल्हा?"

"हाय तसंच हाय," माय म्हणाली. "पेढा दिला एकेक."

शुक्रवारी दुकानासमोर दीडशे माणूस जमलं. ईश्वरप्पांनी फेटा बांधला होता. रेडिओला हार होता. तीन गाणी गेली, नांदेडचे गेले, परभणीचे गेले, हणमंतराव तर पहिल्याच गाण्याला येऊन गेले. आणि मग बाई म्हणाल्या, "आणि श्रोतेहो, आज आपल्याकडं एका नव्या जिल्ह्यातून पहिलं पत्र आलं आहे. बोरखडी, तालुका औसा, जिल्हा लातूर येथून..."

दीडशे माणूस रेडिओकडं झुकलं.

"...गंगम्मा."

एवढंच. पुढं परिवार नाही, इतिहास नाही. आणि लगेच गाणं लागलं. ढिच्चिक ढिच्चिक.

कोणी हललं नाही. गाणं पूर्ण वाजलं. आमच्या संघाच्या दहा वर्षांच्या आयुष्यात आम्ही शेवटपर्यंत ऐकलेलं ते पहिलं गाणं.

"गंगम्मा कोण?" भुजंगनं विचारलं.

ईश्वरप्पांनी रेडिओचा कान पिळून तो बंद केला आणि म्हणाले, "चौकशी करावी लागंल." त्यांचा आवाज जरा वेगळा लागला, पण आम्हाला वाटलं, फेटा घट्ट झाला असेल.

आता तुम्हाला सांगून टाकतो, आम्हाला कळायला मात्र दोन आठवडे लागले. महानंदाकाकूंचं माहेर उदगीरकडचं आणि माहेरचं नाव गंगम्मा. लग्नात नवरीचं नाव बदलतात, नवरदेव ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहितो, तसं ते बदललं होतं. बहात्तरला मोठ्या घरच्या सुनाही खडी फोडायला गेल्या तेव्हा त्यांचे सासरे म्हणाले, "आमच्या घरातलं नाव मस्टरवर नको." म्हणून त्यांनी माहेरचं लिहिलं. वर्षभर मुकादम हजेरीला गंगम्मा म्हणून ओरडला. त्यामुळं बरोबर खडी फोडणाऱ्या गावातल्या चाळीसएक बायांना गंगम्मा कोण ते पक्कं माहीत होतं. पुरुषांपैकी कोणाला नव्हतं, कारण पुरुष दुसऱ्या गटात होते आणि हजेरी झाली की झोपत होते.

ते कार्ड काकूंनी स्वतः लिहिलं होतं. अक्षर प्रौढ शिक्षण वर्गाचं, प्रत्येक अक्षर हरभऱ्याएवढं. सोळा तारखेला लातूरच्या पेटीत टाकलं, सगळ्या बाया भोवती उभ्या असताना. आणि माय मला म्हणाली होती, पेढा दिला.

चौकशी समितीचे अध्यक्षही ईश्वरप्पाच झाले. आम्ही मतदार यादी तपासली. रेशन कार्डं तपासली. गंगम्मा कुठंच नाही. भुजंगला खात्री होती की हा हणमंतरावांचा डाव आहे, मुदखेडहून बाई आणून बसवली असणार. मग घरोघर विचारलं. पहिलं माझ्याच घरी.

"माय, गंगम्मा कोण गं?"

"आसंल कुणीतरी," माय म्हणाली आणि रिकाम्या घागरीत तोंड घालून बराच वेळ काहीतरी बघत बसली. घागर हलत होती.

पुढच्या तीन दिवसांत चाळीस बायांनी "आसंल कुणीतरी" असंच उत्तर दिलं, त्याच सुरात. समितीनं याची नोंद घ्यायला हवी होती. आम्ही ते 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून घेतलं. ईश्वरप्पांच्या घरी विचारायचं मात्र राहिलं. ते म्हणाले, तिथं मी बघतो.

पुढच्या शुक्रवारी दुसरा घाव बसला. गाण्यांच्या मधे बाई म्हणाल्या, "बोरखडी, जिल्हा लातूर येथील अकरा श्रोत्यांचं पत्र मिळालं. आपल्या गावाचा इतिहास वाचून आनंद झाला. फक्त गाणं कोणतं हवं ते आपण लिहिलेलं नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "तुमचं ठरलंच कुठं होतं? मी जागा सोडली होती. तिथं लिंबाजीची उंची आली."

पण यापेक्षा अवघड गोष्ट दुसऱ्या दिवशी टपालानं आली. 'श्रीमती गंगम्मा, बोरखडी' या नावानं दोन कार्डं. कार्ड उघडंच असतं, म्हणून ग्यानोबा गुरुजी ती ओसरीवर मोठ्यानं वाचायचे. पत्र चुकीच्या माणसाला जाऊ नये हा हेतू. पहिलं मुदखेडच्या हणमंतरावांचं. 'आदरणीय अध्यक्ष, नवजीवन श्रोता संघ. जिल्ह्याच्या पहिल्या मानाबद्दल अभिनंदन. आपल्या संघात इतके दिवस कोण कारभार पाहत होतं?'

ईश्वरप्पा खाली बसले.

दुसरं कार्ड भोकरहून होतं. 'गंगम्मा, रेडिओवर ऐकलं. मी जगदेवी. लगीन होऊन इकडं आले त्याला अठरा वर्सं झाली, तुझा पत्ता कुणी सांगंना. आपून दोघी एका विहिरीत पवायला शिकलो ती तूच का गं? तू आसशील तर कळव. नसशील तर बाई, तुझं गाणं चांगलं होतं.'

गर्दीच्या कडेला पाणी घेऊन परतणाऱ्या बाया थांबल्या होत्या. महानंदाकाकूही होत्या. त्यांच्या डोक्यावर भरली घागर होती आणि त्यांनी ती खाली ठेवली. भरली घागर वाटेत कोणी खाली ठेवत नाही.

"गावात या नावाची व्यक्ती नाही," गुरुजी म्हणाले. "सात दिवस ठेवतो. नाहीतर शेरा मारून परत. 'अशी व्यक्ती नाही.'"

त्या सात दिवसांत ईश्वरप्पांच्या घरात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. मी दुकानात साखर आणायला गेलो तर त्यांनी मीठ दिलं. आतून खोकला येत नव्हता. शुक्रवारी त्यांनी स्वतः तीन गाणी सुचवली, तिन्ही चुकीची, आणि प्रत्येक वेळी आतल्या दाराकडं बघत थांबले. काही आलं नाही. भुजंग म्हणाला, "काकूंची तब्येत बरी दिसतीय."

सातव्या दिवशी सकाळी गुरुजी शेरा लिहायला शाई घेऊन बसले आणि महानंदाकाकू ओसरीवर आल्या. त्यांच्या मागं माझी माय. मायच्या मागं चाळीस बाया. गुरुजींची ओसरी अकरा जणांची आहे.

"ते भोकरचं कार्ड द्या," काकू म्हणाल्या. "मी गंगम्मा हाय."

भुजंग "अगं माय" म्हणाला आणि जवळच्या पोत्यावर बसला. पोतं गुळाचं होतं, तो चिकटला.

"महानंदाताई, मी तुम्हाला ओळखतो," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला ग-म-भ-न मीच शिकवलं. पण यादीत महानंदा, रेशन कार्डावर महानंदा. गंगम्माचा पुरावा काय?"

"ह्या बाया."

"वर्षभर हिच्या बाजूला खडी फोडली म्या," माय म्हणाली. "रोज हजेरीला गंगम्माच म्हणायचा मुकादम. विचारा."

चाळीसही बाया एकदम सांगू लागल्या. गुरुजींनी कानावर हात ठेवले. "टपाल खात्यात ओरडून सिद्ध होत नाही! घरच्या कर्त्या माणसानं सांगावं लागेल."

तेव्हा लक्षात आलं की ईश्वरप्पा गर्दीच्या मागंच उभे होते. कधीपासून, कोण जाणे. बायांनी वाट दिली. ते पुढं आले, टोपी काढली, परत घातली.

"म्या सांगतो," ते म्हणाले. "उदगीरला मांडवात तांदळात बोटानं नाव मीच बदललं. बदलायच्या आधी ह्येच होतं. माझ्यापेक्षा पक्का साक्षीदार तुम्हाला गावणार न्हाई, गुरुजी, कारण गुन्हा मीच केलाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. "अन् चौकशी समिती?"

"पयल्याच दिवशी कळलं रं. समिती नेमली की दहा-बारा दिवस जातात, म्हणून नेमली." मग ते काकूंकडं वळले. बायकोशी चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं ते टपालपेटीकडं बघून बोलले. "माझ्या बायकोचं नाव रेडिओवर येणार न्हाई म्हणलो होतो मी."

"आलंच न्हाई की," काकू म्हणाल्या. "महानंदाचं नाव आलं का? तुमचा शब्द कुठं मोडला?"

ईश्वरप्पांनी बराच विचार केला. त्यांना त्यात खोट सापडली नाही. ते हसले, आधी नाकातून, मग पोटातून, आणि म्हणाले, "गुरुजी, द्या गंगम्माचं कार्ड. आन् मुदखेडचं बी तिलाच द्या. अध्यक्षाच्या नावानं आलंय ते."

काकूंनी भोकरचं कार्ड एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. गुरुजींनी ते सगळ्या गावाला आधीच ऐकवलं होतं, तरी आम्ही सगळे ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत होतो. विहिरीपाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"पण काकू," मी विचारलं, "ते ढिच्चिकवालं गाणं कामून मागवलं? जुनं एखादं मागवायचं."

"आरं, त्याचा ठेका खडी फोडायचा हाय. दोन घाव जोरात, एक हळू. आम्ही वर्षभर तेच वाजवत होतो. यांना आता सुचलं."

माझ्या आयुष्यात संगीतावर ऐकलेलं यापेक्षा समजूतदार बोलणं नाही. भुजंगनं गुळाच्या पोत्यावर बोटं आपटून बघितलं. बसत होतं.

मी म्हणालो असतो की सगळं इथं संपलं, पण एका बाईनं गुरुजींना विचारलं, "एक कोरं कार्ड द्या. माझं माहेरचं नाव लिवायचंय." मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. गुरुजींनी पेटीतली कार्डं काढली, ती पाव तासात संपली. नव्या जिल्ह्यात पहिल्याच महिन्यात बोरखडीत पोस्टकार्डांचा दुष्काळ पडला, आणि औशाहून आणखी कार्डं मागवायची चिठ्ठी लिहायलाही गुरुजींकडं कार्ड उरलं नाही. ज्यांना लिहिता येत होतं त्या ओसरीवर पालथ्या पडून लिहू लागल्या. येत नव्हतं त्यांच्यासाठी सेक्रेटरी होता. मी भिंतीला टेकून बसलो आणि एकेक नाव लिहीत गेलो. चंद्राबाई झालेली बाई सोनूबाई निघाली. लिंबाजीच्या बायकोचं माहेरचं नाव लिंबाजीलाच माहीत नव्हतं. तो शेजारी बसून नवीन ओळख झाल्यासारखा लाजत होता.

शेवटचं कार्ड मायच्या हातात होतं. तिनं ते माझ्यापुढं धरलं. मी बोरखडी लिहिलं, औसा लिहिलं, जिल्हा लातूर लिहिलं. मग पेन थांबला. पंचवीस वर्षं मी या बाईच्या हातचं खात होतो.

"तुझं काय गं?"

"फुलाबाई," माय म्हणाली.

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नव्हतं.

"चांगलंय की नाव," मी म्हणालो.

"मग?" माय म्हणाली. "माझ्या बापाला अक्कल नव्हती व्हय? आण ते हिकडं, शाई वाळू दे."